वेळासचं एक कासव आणि बोहारणीची बॅग

कोकणातल्या वेळासला कासवं बघायला जायचं हे आमच्या घरात तीन वर्षं नुसतंच बोललं जात होतं. फेब्रुवारीत ओजसची युनिट टेस्ट, मार्चमधे नवऱ्याचं इयर एंड, एप्रिलमधे कुणाचं तरी लग्न, आणि कासवं काय आमच्यासाठी मे महिन्यापर्यंत अंड्यात थोडीच थांबणारेत. यंदा धुळवड शुक्रवारी आली, पुढे शनिवार रविवार, सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या येते, पण मला वाळूत फार चालवू नका. एवढ्यावर ठरलं. वेळासला हॉटेल वगैरे नाही, गावातल्या लोकांच्या घरीच राहायचं असतं. मैत्रिणीने एका काकूंचा नंबर दिला, फोन केला, झालं बुकिंग.

दिवस पहिला, शुक्रवार

ठरलेलं पहाटे पाचला निघायचं. पाचपाखाडीतून निघून कळव्याच्या पुलावर आलो तेव्हा पावणेसात. का ते विचारू नका. सासूबाईंनी आदल्या दिवशीच्या होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दही असं सगळं चार डब्यांत भरलं आणि मग पाचवा डबा सापडेना.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते कारण पुढचा सगळा प्रवास तिच्यावरच आहे. आमच्याकडे दोन निळ्या बॅगा आहेत, एकावर एक फ्री मधे घेतलेल्या, अगदी जुळ्या. एकीत मी चार दिवसांचे कपडे इस्त्री करून भरले होते. दुसरी बॅग दिवाळीपासून चपलांच्या कपाटाशेजारी पडलीय, तिच्यात जुने कपडे आहेत, बोहारणीला द्यायचे. ती दर मंगळवारी येते पण व्यवहार जुळत नाही, सासूबाईंना कढई हवीय आणि ती टोपाच्या वर जात नाही. तर निघताना मी नवऱ्याला विचारलं, बॅग घेतलीस का. तो म्हणाला घेतली. खोटं बोलला नाही तो.

पनवेल, पेण नेहमीसारखं. वडखळच्या आसपास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागल्या, सासूबाई म्हणाल्या येताना घेऊ, आत्ता घेतल्या तर चार दिवस गाडीत वास. (वासाचा विषय लक्षात ठेवा.) नागोठणं सोडल्यावर एका गावाशी पोरांनी रस्त्यावर आडवी दोरी धरलेली. शिमग्याचं पोस्त मागत होती. आमच्या सासूबाई मूळच्या महाडच्या, त्यांना एकदम भरून आलं, लहानपणी आम्हीही असंच मागायचो म्हणत त्यांनी पर्स उघडली आणि मी काच खाली केली. वीस रुपये बाहेर गेले आणि अर्धी बादली गुलाबी पाणी आत आलं. मी आणि ओजस मानेपासून गुडघ्यापर्यंत ओले, नवऱ्याच्या शर्टावरही शिंतोडे. सासूबाई कोरड्या ठणठणीत.

पुढे गाडी बाजूला घेतली, म्हटलं कपडे बदलू. डिकी उघडली, बॅगेची चेन ओढली आणि वरच आमच्या बेडरूमचा जुना पडदा.

दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मग मी म्हणाले परत जाऊ या. नवरा गूगल मॅपवर माणगावची लाल रेघ बघत म्हणाला आता मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच आहे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी माझी पिशवी माझ्या पायाशीच ठेवते." हे वाक्य सोमवारपर्यंत अजून तीनदा ऐकलं.

बॅगेतला ऐवज असा होता: पडदे दोन, उशांचे अभ्रे, ओजसच्या पहिलीतल्या चड्ड्या (तो आता चौथीत आहे), त्याचे दोन टीशर्ट जे बेंबीच्या वर येतात, माझा ओजसच्या वेळचा गरोदरपणातला गाऊन, क्लोरीनचे डाग पडलेले दोन कुर्ते, इलॅस्टिक गेलेली एक सलवार, नवऱ्याच्या तीन बर्म्युडा, आणि त्याचा कॉलेजच्या फेस्टिवलचा पिवळा टीशर्ट ज्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'स्वयंसेवक' लिहिलंय. काखेत उसवलेला. मी डागांचा कुर्ता घातला आणि पुढे निघालो. वाटेत काहीतरी घेऊ म्हटलं पण धुळवड, म्हसळ्यातही शटर खाली, श्रीवर्धनलाही शटर खाली. उघडं काय तर मेडिकल आणि वडापाव.

माणगावात सव्वा तास गेला. त्याबद्दल नवीन लिहिण्यासारखं काही नाही, गेलेल्यांना माहीत आहे.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपारचा सव्वा. इथे आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं अशी पद्धत आहे, ते केलं. पण मला खरी हौस होती ती देवळामागच्या प्रदक्षिणेची. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने खडकांवरून जायचं, लाटांनी दगडात जाळीदार नक्षी कोरलेली आहे. तर तिथे पाणीच पाणी. पायऱ्यांच्या खालच्या टोकावर लाटा फुटत होत्या. सासूबाई वरूनच म्हणाल्या, आज प्रतिपदा ना, मग भरती आत्ताच असणार. म्हटलं हे तुम्हाला निघताना सांगता आलं नाही का? तर म्हणाल्या, मला कुणी विचारलं?

टीप, आणि ही खरंच लिहून ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. कोकणात जुनी माणसं असंच मोजतात, ॲप लागत नाही, भिंतीवर कालनिर्णय पुरतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीत त्या खडकांवर लोक वाहून गेलेले आहेत, थोडंसं पाणी आहे जाऊ या असं अजिबात करू नका.

पुढे बागमांडल्याहून वेश्वीला फेरी बोट. सावित्रीची खाडी, अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी, दहा पंधरा मिनिटांचा प्रवास आणि आख्ख्या दिवसातला पहिला गार वारा. गाडी रिव्हर्समधे चढवायला लावली. नवऱ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे रिव्हर्स घ्यायला वॉचमन लागतो, इथे सात जण होते, सातही वेगवेगळ्या दिशा दाखवणारे. त्यातल्या एकाच्या तोंडावर एवढा चंदेरी रंग होता की तो हसतोय का ओरडतोय ते कळत नव्हतं. चढली एकदाची. ही सावित्री म्हणजे महाबळेश्वरला उगम पावणारी, ऑर्थर सीटवरून जिची खोल दरी बघतो तीच. हे ओजसला सांगितलं तर तो म्हणाला मग आपण तिकडेच का नाही गेलो, तिकडे स्ट्रॉबेरी असते.

वेळासला साडेपाच. लाल मातीचं अंगण, सारवलेलं, पुढे माडपोफळी, ओट्यावर झोपाळा. काकू साठीच्या असतील. माझ्याकडे आपादमस्तक बघितलं, गुलाबी मान, डागांचा कुर्ता, आणि म्हणाल्या, "रंग जोरात झालेला दिसतोय." मी सगळी बॅगेची कथा सांगितली. एवढ्या हसल्या की त्यांना झोपाळ्यावर बसावं लागलं.

संध्याकाळची कासवं सोडायची वेळ सहाची. गावातून किनारा बराच लांब आहे, चालत गेलो. हॅचरीजवळ, म्हणजे अंडी जाळीच्या आत खड्ड्यांत जपतात तिथे, शे-सव्वाशे लोक. कासवमित्रांनी (अंडी सांभाळणारे स्वयंसेवक) एकेका खड्ड्यावरची टोपली उचलून बघितली आणि हाताने नाही नाही अशी खूण केली. आज काही नाही. लोक सूर्यास्ताचे फोटो काढून परत. आम्हीही.

रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी. मी दोन भाकऱ्या खाणारी बाई चार खाल्ल्या. इलॅस्टिक गेलेल्या सलवारीचा तेवढा एक फायदा.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी सातला परत किनाऱ्यावर. नवऱ्याने तो पिवळा टीशर्ट घातला होता, दुसरा इलाज नव्हता, कालचा रंगाने कडक झालेला. आम्ही दोरीपाशी उभे राहिलो आणि पाचव्या मिनिटाला पुण्याच्या एका काकांनी त्याच्या पाठीवर टकटक केलं. "सर, आज किती निघतील?"

मला वाटलं हा आता सांगेल की मी ठाण्याचा, मला काही माहीत नाही. छे. नवरा म्हणाला, "सांगता येत नाही, निसर्ग आहे." आणि मग तिथल्या माहितीच्या बोर्डावर जे आदल्या दिवशी वाचलं होतं ते सगळं सुरू. ही ऑलिव्ह रिडले जात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभर सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि जाते, परत वळून बघत नाही. कोल्हे कुत्रे अंडी उकरून खातात, पूर्वी माणसंही न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन इथे संरक्षण सुरू केलं. अंडी उचलून जाळीच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. त्याच्याभोवती पंचवीसेक माणसं जमली. एकीने विचारलं आईबाप कासवं आत्ता कुठे असतात, तर यालाही येईना. तेवढ्यात एक खरा कासवमित्र, असेल विशीतला, मागून आला. मी म्हटलं आता इज्जत गेली. पण त्याने टीशर्ट बघितला, हसला आणि पुढचं त्याने सांगितलं: जानेवारी २०२२ मधे इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता, तिचं नाव ठेवलं प्रथमा, कारण पश्चिम किनाऱ्यावर असा टॅग लागलेलं ते पहिलं ऑलिव्ह रिडले. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

हे सगळं ऐकून झालं. टोपल्या उचलल्या. शून्य.

ओजसचा चेहरा बघवत नव्हता. मला आतून जरा रागच आला होता, कासवांवर नाही, माझ्यावरच, की मी त्याला पंधरा दिवस शंभर शंभर कासवांचे व्हिडिओ दाखवले होते.

परत आलो तर सासूबाई मागच्या पडवीत पाय पसरून बसलेल्या, हाताला कोपरापर्यंत खोबरेल, आणि काकूंबरोबर ओले काजू सोलत होत्या. हे मी पहिल्यांदा बघितलं. हिरवी बी उभी चिरायची, आतून मऊ पांढरा गर अख्खा काढायचा, आणि त्या सालीतला चीक हाताला लागता कामा नये, कातडी सोलवटते, म्हणून तेल. मी दोन सोलले, दोन्हीचे तुकडे झाले, मला उठवलं. सासूबाई मात्र टपाटप. पंचेचाळीस वर्षं ठाण्यात राहिलेली बाई, बोटं विसरली नव्हती. काकूंना म्हणाल्या, आमच्याकडे हे पाव किलो घ्यायला गेलं तर सोनाराकडे गेल्यासारखं वाटतं. दुपारी त्याची उसळ, ओल्या नारळाच्या वाटणात. त्यावर मी काही लिहीत नाही, परत भूक लागेल.

त्याआधी बाराच्या सुमाराला वाजप ऐकू आलं. पालखी! आम्ही कासवांसाठी आलो होतो, शिमग्याचं डोक्यातच नव्हतं. कोकणात होळी म्हणजे एका दिवसाचं काम नाही, देवळातला देव पालखीत बसून घरोघर येतो, त्यासाठी मुंबई पुण्याचे सगळे चाकरमानी गावात. काकूंचा पुतण्या तर दिव्याला राहतो, म्हणजे आमच्यापासून तीन स्टेशनं, आणि भेटला इथे. पालखीपुढे संकासूर, काळा वेष, उंच टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो पोरांच्या मागे धावला आणि आमचा चौथीतला वाघ बेंबीवरचा टीशर्ट सावरत थेट माजघरात.

पालखी अंगणात नाचवली, काकूंनी ओटी भरली आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "होय महाराजा". मधेच काकू त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. तर ते त्याच सुरात, "आणि हे ठाण्याहून आलेले पाहुणे, त्यांची कपड्यांची बॅग चुकलेली आहे, ती त्यांना सुखरूप मिळू दे रे महाराजा." आख्खं अंगण, "होय महाराजा!" सासूबाईसुद्धा. हात जोडलेल्या, डोळे मिटलेले, आणि खांदे हलत होते हसण्याने.

उन्हं उतरल्यावर बाणकोटचा किल्ला, गाडी वरपर्यंत जाते. मराठ्यांचा हिम्मतगड, १७५६ च्या तहात पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. लहानसाच आहे, पण तटावरून खाडी समुद्राला मिळताना दिसते आणि खाली आपली कालची फेरी काड्यापेटीएवढी. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव हेही इथेच कळलं, आम्ही दोन दिवस तिथे राहत होतो आणि पत्ता नव्हता.

संध्याकाळी सहा. आता मात्र मी ओजसला सांगून ठेवलं होतं, नसली तर नसली, रडायचं नाही. त्याच पिवळ्या टीशर्टातला नवरा, एव्हाना लोक त्याला ओळखून दादा म्हणत होते. कालच्यापेक्षा गर्दी जास्त. टोपल्या उचलायला सुरुवात झाली. पहिली नाही, दुसरी नाही, पाचवी नाही. आणि मग त्या सकाळच्या मुलाने खाली वाकून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि हात वर केला.

एक. एकच.

गर्दी सांभाळायला माणसं कमी होती म्हणून असेल किंवा टीशर्टची पुण्याई, पण त्या मुलाने नवऱ्याला हाक मारली, "दादा, दोरीचं टोक धरा जरा." तो धरून उभा राहिला, शेजारी ओजस, आणि त्याच्या पायापासून दोन हातांवर ते पिल्लू वाळूवर ठेवलं. मनगटातल्या घड्याळाच्या डायलएवढं, काळसर, ओल्या मातीचं केल्यासारखं. आधी हललंच नाही. मग एक वल्हं पुढे, एक वल्हं पुढे. ओहोटी लागलेली, पाणी मागे गेलेलं, म्हणजे त्याला चालायला तेवढंच जास्त. कुणाच्या तरी बुटाचा वाळूत उमटलेला खड्डा मधे आला, त्यात उतरलं, तीनदा घसरलं. दीडशे माणसं, आणि एका बाळाच्या रडण्याशिवाय आवाज नाही. पाण्याची पहिली पातळ लाट आली, पिल्लू उचललं गेलं, परत मागे, आणि उलटं पडलं. ओजसने माझा हात एवढा आवळला की नखं उमटली. पुढच्याच लाटेने ते सरळ झालं. मग आणखी एक लाट आली आणि वाळू रिकामी.

हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. ओजसने परत येताना वाटेत जाहीर केलं की ती मादी आहे आणि परत इथेच येणार आहे. कशावरून, तर मार्चमधे किती गरम होतंय.

वेळाससाठी टिपा, सुटसुटीत जमतील तशा: सकाळी सात आणि संध्याकाळी सहा या दोन वेळा असतात, म्हणून एक मुक्काम पुरत नाही, दोन करा. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ. पिल्लं निघतीलच याची खात्री कुणी देत नाही, जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही. रोख पैसे न्या, नेटवर्क येतं जातं. टॉर्च हवाच, किनाऱ्यावरून परत येताना अंधार पडतो. शिमग्यात जात असाल तर बुकिंग महिनाभर आधी, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात. आणि बॅग उघडून बघा.

दिवस तिसरा, रविवार

इथे आमची दुसरी चूक. सकाळी सातची पाळी बघून निघायचं असा माझा आग्रह होता, पण नवऱ्याचं म्हणणं तीनदा बघितलं, ऊन व्हायच्या आत आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करू. सासूबाई त्याच्या बाजूने, कारण गणपती. सहाला काकूंचा निरोप घेतला, त्यांनी केळीच्या पानात मोदक बांधून दिले, पैशाचा विषय काढला तर फक्त ठरलेले घेतले, काजूचे नाहीत.

मंडणगडमार्गे दापोली. दापोलीत दुकानं उघडलेली, तिथे आम्ही अखेर माणसांत आलो. ओजसला दोन टीशर्ट, मला एक कुर्ता. नवऱ्याला म्हटलं घे काहीतरी, तर म्हणाला राहू दे, हा बरा आहे.

आंजर्ल्याला गावातून चढायला पायऱ्या आहेत आणि वरपर्यंत गाडीरस्ताही आहे, गुडघेवाल्यांना घेऊन असाल तर सरळ गाडीने जा. उजव्या सोंडेचा गणपती. पूर्वी देऊळ खाली समुद्राकाठी होतं, पाणी चढायला लागलं तसा देव कड्यावर आला अशी आख्यायिका, वाटेत त्याचं पाऊलही दाखवतात. कड्यावरून सुवर्णदुर्ग समोर पाण्यात. छान गार वारा, नेटवर्क फुल, आणि तेवढ्यात काकूंचा फोन.

"अगो, पोचलात का? आज सकाळी त्रेचाळीस सुटली!"

मी स्पीकरवर ठेवला होता. नवरा सुवर्णदुर्गाकडे बघत राहिला. मी काहीही बोलले नाही, पण न बोलण्याचेही प्रकार असतात. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "बरंच झालं. त्रेचाळीसांत बघायचं कुणाकुणाकडे? आपलं एकटं होतं, नीट बघता आलं."

संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. ऐकून होतो की होड्या समुद्रात उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात जाऊन मासळी आणतात, किनाऱ्यावर नुसता गजबजाट. पण शिमग्यामुळे बऱ्याच होड्या किनाऱ्यालाच लागलेल्या, पताका लावून. लिलाव होता पण अर्धामुर्धा आणि भाव चढे. सुरमईचा आकडा ऐकून मी मागे झाले. सासूबाई पुढे. त्यांनी एका मावशीशी आधी तिच्या नातवाबद्दल बोलणं काढलं, मग उन्हाबद्दल, आणि उठताना बांगडे, मांदेली असं सगळं मिळून एवढ्या किमतीत आणलं की शेजारच्या टुरिस्टने विचारलं, आजी आमच्यासाठी पण घ्याल का. वर पाव किलो सोडे आणि सुके बोंबील. हर्णैजवळच्या मुरूडला (जंजिऱ्याचं नव्हे) जिथे राहिलो तिथल्या वहिनींनी मासे तळून दिले. विचारलं तर बरीच घरं करून देतात, फक्त दुपारीच सांगून ठेवायला हवं.

सुकं घेत असाल तर घट्ट झाकणाचा डबा घरून न्या. आमच्याकडे पाचवा डबा नव्हता, तो ठाण्यातच सापडला नव्हता ना. मग सोडे-बोंबील कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, नवऱ्याने डिकीत निळ्या बॅगेत खोचले. म्हणाला त्यात जुनेच तर कपडे आहेत.

दिवस चौथा, सोमवार

परतीचा. सकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर तासभर नुसतं चाललो, पाणी पायाला, काही बघायचं नाही काही चुकवायचं नाही. मग खेडवरून हायवे. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट टळतो, सासूबाईंना गाडी लागते त्यामुळे आम्हाला फार फरक पडला. माणगाव सोमवारी शांत. वडखळला कांद्याच्या दोन माळा घेतल्या. आता गाडीत कांद्याचा वास कुणाला येणार होता, ऊन तापलं तसे बोंबील आख्ख्या गाडीत पसरले होते. पनवेलपासून काचा खाली, एसी बंद.

घरी पोचलो संध्याकाळी. दार उघडलं आणि समोर ती. इस्त्रीचे कपडे पोटात घेऊन चपलांच्या कपाटाशेजारी शहाण्यासारखी उभी. सासूबाई म्हणाल्या, बघ, गाऱ्हाणं पोचलं.

आणि मंगळवारी बोहारीण आली.

तिने चेन उघडली, नाक बॅगेत घातलं, वर बघितलं. "ताई, कोकणात गेला होता काय?" मग पडदे झटकले, गाऊन बाजूला टाकला, चड्ड्या मोजल्या. या वासाला कढई देत नाही म्हणाली. सासूबाईंनी नातवापासून सुरुवात केली, उन्हापर्यंत आल्या, पण ही हर्णैची मावशी नव्हती. टोपच मिळाला, तोही झाकणाशिवाय. ती गाठोडं बांधत होती तेवढ्यात नवरा आतल्या खोलीतून, कानात हेडफोन, मीटिंग चालू असताना बाहेर आला, गाठोड्यात हात घातला आणि पिवळा टीशर्ट ओढून काढून परत आत गेला.

दोनदा धुतला. गॅलरीत दोरीवर आहे, मांजरी येऊन खाली बसतात.